रेडिओ-दुर्बिणीची बैठक

दुर्बीण म्हटली कीं डोळ्यांपुढें कांच येते. ती कांच कोणत्या पायावर उभी आहे, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. घरच्या लहान दुर्बिणीच्या बाबतींत तें खपून जातें. तिपाई हलली तर ती हातानें धरतां येते. परंतु जी दुर्बीण जवळजवळ दीडशें फूट रुंद आहे, जिला उघड्या माळावर ऊन, वारा आणि पाऊस सोसावयाचा आहे, आणि तशांत तासन्‌तास एकाच ताऱ्याचा माग काढावयाचा आहे, तिच्या बाबतींत बैठक हाच मुख्य प्रश्न होऊन बसतो. आकाशांतून येणाऱ्या रेडिओ-लहरी टिपणाऱ्या दुर्बिणी अशा असतात. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें व त्याच्या आसपास अशा तीस दुर्बिणी उभ्या आहेत. त्यांची बैठक जशी आहे तशीच कां केली, हें समजण्यासाठीं, मुळांत दुर्बीण वळवावी कां लागते, येथून आरंभ केला पाहिजे.

रेडिओ ऐकतांना मधूनमधून खरखर होते, ही गोष्ट प्रत्येक श्रोत्याच्या अनुभवाची आहे. अमेरिकेंतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेंत कार्ल जान्स्की या तरुण इंजिनिअराकडे या खरखरीचा उगम शोधण्याचें काम आलें; कारण समुद्रापलीकडे चालणाऱ्या टेलिफोनवरील संभाषणांत ती व्यत्यय आणीत असे. जान्स्कीनें लांकडाचा आणि धातूच्या नळ्यांचा सुमारे शंभर फूट लांबीचा सांगाडा उभारिला, त्याला फोर्ड मोटारीचीं चाकें बसविलीं आणि तो वर्तुळांत फिरता ठेविला. वीस मिनिटांत त्याची एक फेरी पुरी होई. खरखर कोणत्या दिशेकडून येते हें कळण्यास याहून सोपा उपाय नव्हता. कांहीं खरखर जवळच्या वादळांची निघाली, कांहीं दूरच्या वादळांची. परंतु हीं दोन्हीं वगळलीं तरी एक मंद आणि अखंड खरखर मागें उरे, आणि ती दररोज सुमारे चार मिनिटें आधीं येई. सूर्य असा दररोज चार मिनिटें लवकर येत नाहीं, तारे येतात. ही खरखर आकाशगंगेंतून येत असून धनु राशीच्या दिशेनें तिचा जोर सर्वांत अधिक असतो, असें जान्स्कीनें १९३३ सालीं जाहीर केलें. रेडिओ-खगोलशास्त्राचा जन्म असा एका फिरत्या सांगाड्यावर झाला.

पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरते, म्हणून आकाश तासाला पंधरा अंश या गतीनें सरकतांना दिसतें. चंद्राचें बिंब अर्ध्या अंशाचें आहे. तेव्हां दोन मिनिटांत आकाश चंद्राच्या रुंदीइतकें पुढें जातें. आतां कोणतीहि रेडिओ-दुर्बीण एका वेळीं आकाशाचा फार लहान तुकडा पाहते. तबकडी जितकी मोठी आणि लहर जितकी आंखूड, तितका तो तुकडा लहान. ४५ मीटर व्यासाच्या तबकडीनें हायड्रोजन वायूची २१ सेंटिमीटर लांबीची लहर टिपावयाची म्हटली, तर हा तुकडा सुमारे २४ कलांचा, म्हणजे चंद्रबिंबाहूनहि थोडा लहान असतो. दुर्बीण स्थिर ठेविली तर विषुववृत्तावरील तारा दीड मिनिटाच्या आसपास त्या तुकड्यांतून निघून जाईल. या लहरी तर इतक्या क्षीण असतात कीं पुष्कळदां कित्येक तास त्यांचा सांठा केल्याशिवाय त्यांचें अस्तित्वहि कळत नाहीं. १९३७ सालीं ग्रोट रीबर या अमेरिकन गृहस्थानें आपल्या घराच्या परसांत ३१ फुटांची तबकडी उभारली होती. ती फक्त खालींवर होत असे; बाकीचें फिरण्याचें काम त्यानें पृथ्वीवर सोंपविलें होतें. त्यामुळें आकाशाचा एखादा भाग दिवसांतून एकदां, आणि तोहि थोडा वेळ, त्याच्या दृष्टीपुढें येई. आकाशाचा पहिला नकाशा काढण्यास तेवढें पुरलें. पण एकाच पदार्थाचा बारकाईनें अभ्यास करावयाचा तर दुर्बिणीनें त्याच्या मागोमाग गेलें पाहिजे.

मागोमाग जाण्याच्या रीति दोन आहेत. त्यांतील पहिली समजण्यासाठीं खानदेशांतील पहूर गांवीं जावें. जळगांवहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जामनेर तालुक्यांत हें गांव आहे. तेथील मनुष्य रात्रीं उत्तरेकडे तोंड करून उभा राहिला, तर त्याला ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे २१ अंशांवर दिसतो, कारण पहूरचा अक्षांशहि जवळजवळ तितकाच आहे. सारें आकाश त्या ध्रुवाभोंवतीं फिरतें. आतां तेथील माळावर एक भक्कम दांडा असा तिरपा बसविला कीं त्याचें टोंक नेमकें ध्रुवाकडे रोखलेलें राहील, आणि दुर्बीण त्या दांड्याभोंवतीं फिरती ठेविली, तर काम फार सोपें होतें. दांड्याला एका ठराविक गतीनें फिरविलें कीं दुर्बीण आपोआप ताऱ्याच्या मागें जाते. एक चांगलें घड्याळ असलें कीं पुरे. या रचनेला ध्रुवाक्ष बैठक म्हणतां येईल.

लहान दुर्बिणीला ही बैठक उत्तम. परंतु दुर्बीण मोठी होऊं लागली कीं तिचा दोष दिसूं लागतो. सारें वजन तिरप्या दांड्यावर लोंबतें. दुर्बीण जसजशी फिरते तसतसें तें वजन सांगाड्याला वेगवेगळ्या बाजूंनीं ओढूं लागतें. सकाळीं जी कांब दाबली जाते तीच संध्याकाळीं ताणली जाते. तोल राखण्यासाठीं मोठीं वजनें दुसऱ्या बाजूला बांधावीं लागतात, आणि तिरप्या धक्क्यानें बेअरिंगें झिजतात.

या अडचणीवर भारतांत एक चतुर तोड निघाली, आणि ती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील प्राध्यापक गोविंद स्वरूप यांची होती. ऑस्ट्रेलियाहून मिळालेल्या सहा फुटी ३२ तबकड्यांची रांग कल्याण येथें मांडून त्यांनीं १९६५ सालीं सूर्याचें निरीक्षण सुरू केलें होतें. त्यानंतर त्यांनीं निलगिरींतील उटीजवळ डोंगराचा असा एक उतार निवडला, कीं त्याचा उत्तर-दक्षिण कल अकरा अंशांचा, म्हणजे तेथील अक्षांशाइतकाच आहे. १९७० सालीं त्या उतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी पन्हळीच्या आकाराची दुर्बीण तयार झाली. तिचा लांबच लांब दांडा उतारावर आडवा ठेविला कीं तो आपोआपच पृथ्वीच्या आंसाला समांतर होतो. चोवीस चौकटींनीं मिळून ती पन्हळ उचलून धरली आहे, आणि एका ठराविक गतीनें फिरून ती साडेनऊ तासपर्यंत एका ताऱ्याचा पाठलाग करते. ध्रुवाक्ष बैठकीचें सर्वांत खर्चाचें अंग, म्हणजे तिरपा आधार, डोंगरानें फुकट दिलें.

असा डोंगर मात्र सगळीकडे मिळत नाहीं. त्यांतून एकच लांब पन्हळ न ठेवतां मैलोगणती अंतरावर विखुरलेल्या अनेक तबकड्या वापरावयाच्या असल्या, तर प्रत्येकीसाठीं हवा तसा उतार कोठून आणावा? तेथें दुसरी रीति पत्करावी लागते.

दुसरी रीति तोफेची आहे. तोफ प्रथम आडवी वळवून दिशेवर आणतात आणि मग तिचें तोंड हवें तेवढें उचलतात. क्षितिजाला धरून मोजलेल्या कोनाला दिगंश आणि क्षितिजापासून वर मोजलेल्या कोनाला उन्नतांश म्हणतात. म्हणून ही दिगंश-उन्नतांश बैठक होय. इंग्लंडांत जॉड्रेल बँक येथें १९५७ सालीं बर्नार्ड लव्हेल व इंजिनिअर चार्ल्स हस्बंड यांनीं अडीचशें फुटांची जी दुर्बीण पुरी केली, तिच्या बाबतींत ही उपमा अक्षरशः खरी ठरली. तबकडी खालींवर करणारीं दांत्यांचीं मोठीं चक्रें मोडींत निघालेल्या लढाऊ जहाजांच्या तोफांच्या बुरुजांतून काढलेलीं होतीं. आडवें वळण्यासाठीं सारा डोलारा वर्तुळाकार रुळांवर चालतो. पहूरवरून पुष्कळ वर्षें धावलेल्या पाचोरा–जामनेर या अरुंद रेल्वेचे रूळ ज्यांना आठवतात, त्यांनीं ते वांकवून टोंकाला टोंक जोडल्याची कल्पना करावी, म्हणजे ही रचना ध्यानांत येईल.

या बैठकीचा गुण असा कीं वजन सरळ खालीं, पायावर उतरतें. दुर्बीण पूर्वेकडे पाहो कीं पश्चिमेकडे, सांगाड्यावरील भार बदलत नाहीं. तो बदलतो फक्त ती खालींवर होतांना. इंजिनिअराला अर्धी काळजी कमी. तिचा दोष असा कीं ताऱ्याचा पाठलाग करतांना दोन्ही आंस एकाच वेळीं फिरवावे लागतात, आणि दोहोंची गति क्षणोक्षणीं बदलत राहते. तारा डोक्यावर आला कीं तर पंचाईतच. अगदीं माथ्यावरून जाणारा तारा सारा वेळ पूर्वेला असतो आणि माथा ओलांडतांच पश्चिमेला होतो. म्हणजे दुर्बिणीनें त्या एका क्षणांत अर्धी फेरी घ्यावयास हवी. तें अशक्य असल्यामुळें माथ्याभोंवतींचा एक लहानसा टापू सोडून द्यावा लागतो. बदलत्या गतीचें गणित हीहि एके काळीं मोठी अडचण होती. ऑस्ट्रेलियांत पार्क्स येथील १९६१ सालच्या ६४ मीटरच्या दुर्बिणींत मध्यभागीं ध्रुवाक्ष बैठकीचें एक छोटें यंत्र ठेविलें; तें घड्याळाच्या गतीनें ताऱ्यामागें जाई आणि मोठी तबकडी त्याचें अनुकरण करी. पुढें संगणक आले आणि हें गणित सोपें झालें. तेव्हांपासून मोठ्या दुर्बिणींनीं बहुधा हीच बैठक पत्करली आहे.

तथापि वळविणें ही अर्धीच गोष्ट झाली. खरी लढाई वजनाशीं आणि वाऱ्याशीं आहे. एखादी वस्तु सर्व बाजूंनीं दुप्पट केली तर तिचें वजन आठपट होतें; पण तिला तोलणाऱ्या कांबींचा छेद चौपटच होतो. म्हणून लहान दुर्बिणीचा नकाशा नुसता मोठा करून मोठी दुर्बीण होत नाहीं. ती आपल्याच भारानें वांकते, आणि तबकडी वांकली कीं लहरी एका बिंदूंत गोळा होत नाहींत. वाऱ्याचा दाब त्याच्या गतीच्या वर्गानें वाढतो. वारा दुप्पट झाला कीं धक्का चौपट. अमेरिकेंत ग्रीन बँक येथें तीनशें फुटांची, फक्त खालींवर होणारी एक तबकडी १९६२ पासून काम करीत होती. १५ नोव्हेंबर १९८८ रोजीं रात्रीं ती एकाएकीं कोसळली. कोणासहि इजा झाली नाहीं, परंतु सकाळीं तेथें वांकड्यातिकड्या पोलादाचा ढीग तेवढा उरला होता. चौकशींत असें आढळलें कीं सांगाड्याच्या मोक्याच्या सांध्यावरील एक पत्रा तुटला आणि त्यापाठोपाठ सारें खालीं आलें. एवढ्या मोठ्या डोलाऱ्याचें आयुष्य एका सांध्यावर अवलंबून असतें.

त्याच दशकांत महाराष्ट्रांत जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, संक्षेपानें जी. एम. आर. टी., हिची योजना आंखली जात होती. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या हव्या होत्या, आणि परदेशी पद्धतीनें त्या बांधण्याइतका पैसा हातीं नव्हता. जड सांगाडा, त्याला पेलणारा त्याहून जड पाया, त्याला फिरविणाऱ्या मोठ्या मोटारी, अशी खर्चाची सांखळीच असते. ती तोडावयाची तर पहिलें वजनच कमी केलें पाहिजे. गोविंद स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रश्न असा घातला: ही तबकडी नक्की काय अडविण्यासाठीं आहे? उत्तर होतें, लहरी. वारा अडविणें हें तिचें काम नव्हे.

येथें लहरींची लांबी कामास आली. ही दुर्बीण मुख्यतः मीटरभर लांबीच्या लहरींसाठीं बांधावयाची होती. सर्वांत आंखूड लहर म्हणजे २१ सेंटिमीटरच्या आसपासची. लहरीच्या मानानें भोंक पुष्कळ लहान असलें कीं लहरीला तें दिसतच नाहीं. कोळ्याच्या जाळ्यांतून पाणी निघून जातें आणि मासा अडकतो, तसाच हा प्रकार. म्हणून पत्र्याऐवजीं न गंजणाऱ्या पोलादाची जाळी घेतली. तिची तार अवघी ०.५५ मिलिमीटर जाड आहे. घरें मध्यभागीं १० मिलिमीटरचीं, पुढें १५ चीं आणि कडेला २० चीं आहेत. पंधरा मिलिमीटरच्या जाळींत शंभर भागांपैकीं सुमारे सात भाग तार आणि बाकी सारी मोकळीक. वारा आरपार जातो. खानदेशांतील केळीच्या बागाईतदाराला ही गोष्ट नवी वाटणार नाहीं. केळीचें अखंड पान वाऱ्यांत शिडासारखें भरतें. शिरेशिरेला चिरलेल्या पानांतून वारा निघून जातो आणि झाडावरील ताण कमी होतो.

जाळी धरून ठेवण्याची युक्तिहि तितकीच साधी आहे. छत्रीच्या काड्यांप्रमाणें मध्यापासून कडेपर्यंत पोलादी नळ्यांच्या सोळा वक्र कमानी आहेत. शेजारशेजारच्या कमानींमध्यें तारेचे दोर ताणून बसविले आहेत, आणि त्या दोरांना जाळी बांधिली आहे. ताण कमीअधिक करून जाळीला हवा तो आकार देतां येतो. असा पृष्ठभाग आदर्श वक्राहून साधारणतः दहा मिलिमीटर इकडेतिकडे असतो. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या दुर्बिणींत एवढी चूक हास्यास्पद ठरेल. २१ सेंटिमीटरच्या लहरीला ती एकविसांश आहे आणि मीटरभर लांबीच्या लहरीला तर शतांश. जेवढी अचूकता लागते तेवढीच विकत घेतली, अधिक घेतली नाहीं.

आतां खालून वर बैठक पाहावी. पायाशीं पंधरा मीटर उंचीचा काँक्रीटचा बुरूज. त्याच्या माथ्यावर ३.६ मीटर व्यासाचें एक प्रचंड कडें-बेअरिंग बसविलें आहे. आडवें वळण तेथें होतें. बेअरिंगावर बेचक्यासारखा दुहेरी आधार आहे आणि त्याच्या दोन टोंकांवर पाळण्यासारखा झुलणारा सांगाडा टेकला आहे. खालींवर होणें तेथें. पाळण्यावर तबकडी. सारा फिरता भाग सुमारे ८२ टनांचा असून, तबकडी पुढें झोंक खाऊं नये म्हणून मागील बाजूस सुमारे ३४ टनांचें प्रतिवजन दिलें आहे. तराजूची दोन्ही पारडीं सारखीं असलीं कीं दांडी बोटानेंहि हलते. तोल साधल्यामुळें येथेंहि मोटारींना वजन उचलावें लागत नाहीं, वारा आणि घर्षण यांवर मात केली म्हणजे झालें. प्रत्येक आंसाला दोन मोटारी आहेत, आणि त्या थोड्या एकमेकींविरुद्ध ओढीत असतात. हें वेडेपण नव्हे. दांत्यांच्या चक्रांत नेहमीं थोडी सैल जागा राहते आणि वाऱ्याच्या झुळकेनें तबकडी तेवढ्यांत डुलूं लागते. दोहों बाजूंनीं ताण दिला कीं ती जागा उरत नाहीं. हवा शांत असतां नेम साधारणतः एका कलेच्या आंत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागांत राहतो.

तबकडी आडवी वळतांना मिनिटाला ३० अंश आणि खालींवर होतांना २० अंश या गतीनें नेतां येते. मध्यापासून दोहों बाजूंस २७० अंशांपर्यंत ती वळते, त्यापुढें नाहीं. कारण आंतील विजेच्या तारांना पीळ पडेल. क्षितिजापासून १७ अंशांच्या खालीं ती झुकत नाहीं. तबकडीची त्रिज्या साडेबावीस मीटर. ती क्षितिजापर्यंत लववावयाची तर बुरूज पुष्कळ उंच करावा लागला असता, आणि उंच बुरूज म्हणजे अधिक वारा व अधिक खर्च. त्यापायीं दक्षिण आकाशाचा तळाचा कांहीं भाग सुटला, आणि तो जाणूनबुजून सोडला.

ही रचना जागा पाहून केलेली आहे, हें विसरतां कामा नये. नारायणगांवच्या टापूंत वारा बेताचा असतो, मनुष्यनिर्मित रेडिओ-गोंगाट कमी आहे आणि बर्फ पडत नाहीं. बर्फ पडणाऱ्या देशांत अशा जाळीवर हिमाचे थर सांचून ती भारानें लोंबूं लागेल. लहरी मिलिमीटरच्या असल्या तरीहि ही जाळी कुचकामाची ठरेल. ग्रीन बँक येथें कोसळलेल्या तबकडीच्या जागीं २००० सालीं जी नवी दुर्बीण उभी राहिली, तिचें वजन साडेसात हजार टनांहून अधिक आहे. पण तिच्याकडून अतिशय आंखूड लहरींचें काम घ्यावयाचें आहे, म्हणून तिला अखंड पत्र्याचा पृष्ठभाग आणि तितका भक्कम सांगाडा हवाच. खोडदच्या तीसहि तबकड्यांचे फिरते भाग, प्रतिवजनासह, साडेतीन हजार टनांच्या आसपास भरतात, आणि त्यांचें एकंदर क्षेत्रफळ त्या एका दुर्बिणीच्या सहापट आहे. दोन्ही रचना आपापल्या ठिकाणीं योग्य आहेत.

तीसांपैकीं चौदा तबकड्या मध्यभागीं एकमेकींजवळ आहेत आणि सोळा तीन दिशांना फांकलेल्या रांगांत आहेत. टोंकाटोंकांचें अंतर सुमारे २५ किलोमीटर. सर्व जणी एकाच वेळीं एकाच बिंदूकडे पाहतात आणि त्यांचे संदेश एकत्र केले कीं २५ किलोमीटर रुंदीच्या एकाच दुर्बिणीइतका बारकावा हातीं येतो. म्हणून एकीचा नेम चुकला तर सर्वांच्या कामांत उणें येतें. २००१ सालीं ही दुर्बीण रीतसर अर्पण झाली आणि २००२ पासून जगांतील शास्त्रज्ञांना ती खुली आहे. आठशें कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांत हायड्रोजन वायु किती होता, याचें मोजमाप तिच्या साह्यानें २०२० सालीं प्रसिद्ध झालें. गुरुत्वलहरींच्या अतिमंद गुंजारवाचा पुरावा २०२३ सालीं जगांतील अनेक दुर्बिणींनीं दिला, त्यांतहि तिचा वाटा होता. गोविंद स्वरूप सप्टेंबर २०२० मध्यें पुण्यास निवर्तले.

वाऱ्याला वाट करून दिली असली तरी त्याचा धाक संपलेला नाहीं. वारा ताशीं वीस किलोमीटरांच्या पुढें गेला कीं नेम कांहीं कलांनीं ढळूं लागतो. ताशीं १३३ किलोमीटरांच्या झंझावातांतहि सांगाडा टिकावा असा हिशेब केलेला आहे. पण टिकणें निराळें आणि काम करणें निराळें. उन्हाळ्याच्या अखेरीस माळावर वावटळ उठली आणि वारा मर्यादेबाहेर गेला, कीं निरीक्षण थांबवितात. तबकड्या सावकाश वळून तोंड आकाशाच्या माथ्याकडे करितात आणि तशाच कुलूपबंद होऊन उभ्या राहतात. कोट्यवधि वर्षें प्रवास करून आलेल्या लहरी तेवढा वेळ न टिपतां निघून जातात. वारा ओसरल्यावर संगणक ताऱ्याचें नवें ठिकाण काढतो आणि तबकड्या पुन्हां त्या बाजूला वळूं लागतात.